कोठीमागची धुळवड

बदनापुरात तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर हात टोनरच्या काळ्या पावडरीत आणि अंगात मात्र पांढराधोप, कडक इस्तरीचा शर्ट. असला उफराटा हट्ट मला कुणी शिकवला नाही, हे माझं स्वतःचंच शहाणपण. गल्लीत मला 'शेठ' म्हणतात. शेठ म्हणावं असं माझ्याकडे त्या इस्तरीशिवाय काही नाही. पण माणूस खोट्या मानालाही भुलतो, आणि मी तर भुलणाऱ्यांत पहिला.

आता असल्या माणसाला धुळवड म्हणजे संकटच की हो. होळीची पुरणपोळी मी चापून खायचो, वर तुपाची धार, खाली दूध. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं की लपायला जागा शोधायचो. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला रंगाची ॲलर्जी आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी एकदा चारचौघांत माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ॲलर्जी रंगाची नाही, शर्टाची आहे. यावर औषध नाही." त्यानंतर ते स्वतःच पिचकारी घेऊन आले.

पण या दुखण्यावरचा खरा वैद्य समोरच्या घरात राहायचा. ते मिस्तरी. हमरस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. माणूस माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट आणि आवाजानं चौपट. होळी पेटली की पहिली बोंब त्यांची. तोंडावर उलटा हात आपटून अशी बोंब ठोकायचे की स्टेशनावर गाडीची वाट बघणारे दचकायचे. आणि धुळवडीला सकाळी गल्लीच्या मधोमध उभे राहून हाळी द्यायचे, "शेठ, लप रे बाबा! मी येऊन राह्यलो!"

आणि मी खरंच लपायचो. पन्नाशीला आलेला, दोन लेकरांचा बाप! एका साली गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत बसलो, तर वरून झाकण उघडून मिस्तरींनी विचारलं, "शेठ, पाणी पाहिजे का रंग?" एका साली पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं आणि मागच्या दारानं घरात येऊन बसलो. ही युक्ती माझी मलाच इतकी आवडली की आनंदानं शिंकलो, आणि सापडलो. एका साली सकाळच्या गाडीनं थेट जालन्याला पळालो. स्टेशनाबाहेर पाय ठेवला तर अनोळखी पोरांनी असा काही रंगवला की परत आल्यावर बायकोनं दार अर्धंच उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

मला वाचवलं ते मिस्तरींच्याच बायकोनं. मी त्यांना वहिनी म्हणायचो. भोकरदनकडच्या धावड्याच्या त्या लेकी. फाल्गुन लागला की माहेराहून त्यांच्याकडे पळसाच्या फुलांचं गाठोडं यायचं. ती फुलं उकळून, चिमूटभर चुना टाकून त्या केशरी रंग करायच्या, आणि मिस्तरी तोच रंग घेऊन गल्ली भिजवायचे. एका साली मी गल्लीत सैरावैरा पळत असताना त्यांनी दारातून हाक मारली, "भावजी, इकडं या. जल्दी! आमच्या घरात ते बिलकुल हुडकणार न्हाईत."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, मला वाटलं. स्वयंपाकघरात धान्याची भलीमोठी पत्र्याची कोठी होती, तिच्यामागं एक माणूस मावेल एवढी जागा. वहिनींनी तिथं पाट टाकला. मी बसलो. त्यांनी चहा दिला. "खोकू नका बरं का," म्हणाल्या. मग पोळ्या लाटता लाटता माहेरच्या गोष्टी, लेकीच्या खोड्या, मिस्तरींच्या तक्रारी असं बराच वेळ चाललं. त्यानंतर दर साली माझी जागा ठरलेली, कोठीमागं, पाटावर. आणि चहा संपत आला की नेमकं त्यांचं मांजर यायचं. वहिनी दारात जाऊन खच्चून ओरडायच्या, "शुक शुक! मेलं मांजर! पुन्यांदा दुधात तोंड घालून राह्यलं!" आणि थोड्याच वेळात मिस्तरी कोठीमागं डोकावायचे, "शेठ, हाय का चहा शिल्लक?" मग बादली. मी दर साली नशिबाला बोल लावायचो. या माणसाला कुत्र्यासारखा वास येतो, असं बायकोला सांगायचो. बायको मान फिरवून हसायची.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्याच नाहीत.

मिस्तरींची बोलती बंद झाली. गॅरेज कधी उघडं, कधी बंद. घरात चूल नाही, खानावळीचा डबा. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ते भिंतीकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं. मला बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून मी त्यांना टोनरचे भाव सांगायचो. आपल्या या अकलेला काय म्हणावं! पण मला तेवढंच येत होतं.

होळीच्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. मिस्तरींची लेक. वाटूरला दिली आहे. पहिलटकरीण, सातवा महिना सरलेला. बापाला ती दादा म्हणते.

"काका, दादा मला बाळंतपणाला येऊ देईनात. म्हणतात, इथं कोण हाय तुझं करायला, तिकडंच राहा. मला करणारं माणूस नकोय काका, मला माझं घर पाहिजे. उद्या तुम्ही त्यांना रंग लावा."

"मी?"

"तुम्हीच. मामा येतो म्हणाल्ता, त्याला दादांनी फोनवरच नको म्हटलं. काका, उद्याचाही सण कोरडा गेला तर ते घर असंच राहील. मंग मी कुठं येऊ?"

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरानं पहिला सण आपण होऊन करायचा नाही. बाहेरच्या माणसानं जाऊन बोटभर रंग लावायचा, तोंडात घास घालायचा, मग दुखवटा निघतो आणि घर पुन्हा सणावाराला मोकळं होतं. शेजारपाजारचे करतातच, पण दिवाळी-संक्रांतीला मिस्तरींनी कुणाला घास घालू दिला नव्हता. पण हे काम आलं कुणाकडं? ज्यानं उभ्या जन्मात कुणाला रंग लावला नाही, त्याच्याकडं. मी पोरीला "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाम पुसला.

संध्याकाळी होळी पेटली. मिस्तरींचं दार बंद. पहिली बोंब कोण मारणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी पुढं झालो. वाटलं, बोंब ऐकून तरी ते खिडकीत येतील. तोंडावर हात आपटला आणि जो आवाज निघाला तो ऐकून एका म्हातारीनं विचारलं, "बाळा, ठसका लागला का?" गल्ली हसली. मिस्तरींची खिडकी काही उघडली नाही. मी नैवेद्याचं ताट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो.

ठरवलं, रंग लावायचा तर वहिनींचाच, पळसाचा. धुळवडीला पहाटे उठलो, स्कूटर काढली आणि शिवारात गेलो. पळस ओळखायला काय लागतं? फाल्गुन महिना, झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं. असं झाड बांधावर दिसलंच. खाली फुलांचा सडा. झाडाला हात टेकवला तर तळव्यात काटे घुसले. मला वाटलं, कलियुग आहे, आता पळसालाही काटे यायला लागले. पिशवी भरून आणली आणि घरी मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवली. रंग काही केशरी होईना. चुना टाकला. आणखी टाकला. बायको वाकून बघत म्हणाली, "काय हो, हा रंग आहे का काढा?" ती जालन्यात वाढलेली, तिला तरी काय कळणार. मी म्हटलं, "गार झाल्यावर उतरतो." गार झाल्यावर तो जास्तच मातकट झाला.

तरी तांब्यात भरला आणि निघालो, इस्तरीच्या पांढऱ्या शर्टात. सवय, दुसरं काय.

मिस्तरींच्या दाराला बाहेरून कुलूप. उंबऱ्यावरचं ताट मात्र नव्हतं.

कुठं गेला असेल हा माणूस? तांब्या हातात धरून गॅरेजवर गेलो, ते बंद. आडोशाला उभ्या केलेल्या ट्रॅक्टरखाली वाकून पाहिलं. स्टेशनावर गेलो, फलाटाच्या बाकांवर पाहिलं. रस्त्यात पोरं रंगवायला धावायची आणि माझ्या तांब्यातलं पाणी बघून मागं सरायची. त्यांना ते गटारातलं वाटलं असावं. आयुष्यभर ज्या कवचासाठी तळमळलो ते त्या दिवशी आयतंच मिळालं, आणि मला त्याचं काही नव्हतं. मनात नको नको ते येत होतं. परत आलो, गच्चीवर चढलो आणि स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून आत हाक मारली, "मिस्तरी?" बायकोनं खालून कपाळावर हात मारला.

"अहो, बाहेरून कुलूप आणि मागच्या दारानं आत, ही कुणाची अक्कल?" ती म्हणाली.

माझीच! काखेत कळसा आणि गावाला वळसा. धावत मागच्या बोळात गेलो. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधारगुडूप, शेगडी थंड. कोठीमागं पाहिलं. पाटावर मिस्तरी बसले होते. गुडघे छातीशी घेऊन, एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत. मांडीवर एक कापडी पुरचुंडी. नैवेद्याचं ताट शेजारी, पोळी तशीच.

"लई वेळ लावला, शेठ," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "मी तर तुला झटक्यात हुडकायचो."

"तुम्हाला बरं सापडायचो मी," मी म्हटलं. खाली बसलो. "मला तुमच्यासारखं वासानं हुडकता येत नाही."

मिस्तरींनी माझ्याकडं पाहिलं. "शेठ, आमच्या घरात मांजर कधी पाह्यलं का तू?"

मी पाहिलं होतं का? आठवायला लागलो. काळं, पांढरं, कबरं? वाटी नाही, केस नाही, म्याव नाही. इतकी सालं मी या कोठीमागं बसून ते मांजर ऐकलं होतं आणि पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

"मला रंगवायची मजा नव्हती रे तेवढी," मिस्तरी म्हणाले. "तिला तुला लपवायची मजा होती. आठ दिवस आधीपासून हसायची. चहा संपू द्यायचा, मंग ओरडायचं, असं तिचं बराबर ठरलेलं. मी दाराबाहेर उभा राहून वाट बघायचो. आज इथं बसलो आन् म्हटलं, आता ओरडंल, आता ओरडंल."

मला राहवेना. मी रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो. वहिनींची आठवण आली म्हणून रडलो, आणि खरं सांगतो, त्यात थोडं स्वतःच्या मूर्खपणाचंही होतं. रडता रडता पोरीचं काम आठवलं. तांब्या पुढं केला.

"हे काय?"

"रंग. पळसाचा. स्वतः आणला, स्वतः उकळला."

मिस्तरींनी तांब्यात वाकून पाहिलं, मग त्यात तरंगणारी एक जाड पाकळी बोटानं उचलली, मग माझा तळवा उलटा करून काटे टोचल्याच्या खुणा पाहिल्या. "शेठ," ते म्हणाले, "ही काटेसावर हाय. पळसाला काटे कधी आले?" आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोटातून, मग ती पत्र्याची कोठी दणदणायला लागली. दिवाळीपासून त्या घरात असा आवाज झाला नव्हता. माझा अपमान इतका कामाला कधीच आला नव्हता, म्हणून मीही हसू दिलं.

मग त्यांनी मांडीवरची पुरचुंडी सोडली. आत वाळलेली पळसफुलं. "हिनं गेल्या साली वाळवून ठेवल्ती. सकाळपासून घेऊन बसलो. उकळावं का न्हाई, कळंना. हे संपलं की मंग तिच्या हातचं काहीच ऱ्हात न्हाई."

मला येतात ते टोनरचे भाव. पण तोंडातून निघून गेलं, "मिस्तरी, पोरगी विचारून राह्यली, माझं घर हाय का न्हाई म्हणून."

मिस्तरींनी पुरचुंडीवर हात फिरवला. मग कोठीला धरून उठले आणि गॅस पेटवला. पाणी ठेवलं, फुलं सोडली. चिमूटभर चुना टाकताना मी हात पुढं केला तर माझा हात बाजूला सारून म्हणाले, "तू दूर राह्य." पाणी पिवळं झालं, मग केशरी. घरभर ओलसर, पानाफुलांचा वास सुटला. मी त्यात बोटं बुडवली आणि त्यांच्या गालाला लावली. कसा लावतात ते मला ठाऊक नव्हतं. झेरॉक्सच्या काचेवर कागद ठेवावा तसा तळवा नीट सरळ करून ठेवला आणि तसाच धरून राहिलो. मिस्तरींनी डोळे मिटले. मग मी पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी खाल्ला.

"चला आता बाहेर," मी म्हटलं.

"न्हाई रे. आज नको. लोकांत नको." आणि ते पुन्हा कोठीमागं जाऊन पाटावर बसले.

आता काय करावं? ओढून काढायची माझी ताकद नाही. मग पुढच्या दाराशी गेलो, कुलूप बाहेरून म्हणून शेजारची खिडकी उघडली, आणि गल्लीत तोंड करून जीव खाऊन ओरडलो, "शुक शुक! मेलं मांजर! पुन्यांदा दुधात तोंड घालून राह्यलं!"

मला वाटलं होतं, मिस्तरींना हसू येईल, बस. पण गल्ली एकदम गप्प झाली. समोर माझी बायको बादली घेऊन उभी होती, ती बादली टाकून पळत सुटली. तिच्यामागं डॉक्टर, त्यांच्यामागं ती म्हातारी, त्यांच्यामागं सगळी गल्ली, मागच्या बोळातून, मागच्या दारानं. म्हणजे मांजर सगळ्यांना ठाऊक होतं! डॉक्टरांना, म्हातारीला, माझ्या सख्ख्या बायकोला! ठाऊक नव्हतं ते एका मलाच. पण तेव्हा रागवायला सवड नव्हती, कारण सगळ्यांनी कोठीमागं डोकावून एका सुरात विचारलं, "मिस्तरी, हाय का चहा शिल्लक?" आणि त्यांना उचलून अंगणात आणलं. कुणी गालाला लावला, कुणी पायाला लावून नमस्कार केला. म्हातारीनं कपाळाला बोट लावलं आणि त्यांचं डोकं छातीशी धरलं. उरलेला केशरी रंग मिस्तरींनी स्वतः उचलला आणि सावकाश, एक थेंब वाया न घालवता, माझ्या डोक्यावर ओतला. मी पळालो नाही.

रंग ओसरल्यावर बायको म्हणाली, "आता पोरीला फोन करा."

"फोन कशाला?" मिस्तरी म्हणाले. "गाडी काढतो. शेठ, बस."

"अहो, आंघोळ तरी करा!"

"न्हाई. असाच जातो. तिला दिसू दे."

त्यांच्या जुन्या जीपमध्ये आम्ही दोघं वाटूरपर्यंत गेलो. सगळ्या वाटेत मी टोनरचा विषय काढला नाही. पोरीच्या अंगणात जीप थांबली तेव्हा ती दारातच उभी होती, अवघडलेली, हाताला पीठ. बापाला तसं केशरी पाहून तिनं तोंडावर हात धरला.

"पाडवा झाला की न्यायला येतो," मिस्तरी म्हणाले. "बाळंतपण आपल्या घरी. मला काही येत न्हाई, पण शिकंन. हा हायच," आणि माझ्याकडं बोट केलं, "याला तर काहीच येत न्हाई."

ती पुढं आली. बापाच्या गालावर, जिथं मी तळवा ठेवला होता, तिथं तिनं बोट फिरवलं. रंग सुकत आला होता, तरी बोटाला लागला. तिनं ओळखला. वास घेतला, आणि आधी आपल्या कपाळाला आणि मग हळूच पोटाला लावला. माझ्या शर्टाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.